दिव्यांग कार्ड, टक्केवारी आणि अनुदान: पुण्यातला काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. कार्ड काढाच. पण त्यावरची टक्केवारी ही व्यंगाची किंवा आजाराची मोजणी आहे, अनुदान ठरतं उत्पन्नाच्या दाखल्यावर, आणि माणसाला सांभाळायला घरात रोज किती हात लागतात हे या दोन्ही कागदांत नीट उतरत नाही. खालच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. शारीरिक, बौद्धिक आणि मानसिक अशा तिन्ही प्रकारच्या अर्जांना मदत करताना, आणि कार्ड हाती आल्यावरचे महिनेही धरून, हे लिहिलं आहे.

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे या दिव्यांग कार्डाचा, अर्ज घरबसल्या भरता येतो, फी नाही. दलालाला पैसे देण्यासारखं त्यात काही नाही. खोळंबा होतो तो दोन ठिकाणी. अर्ज राहत्या जिल्ह्यात जातो, आणि पुण्यात वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी जणांच्या आधारवर अजून बीडचा नाहीतर सोलापूरचा पत्ता असतो. आधी आधार बदला, मग अर्ज करा. दुसरी अडचण रुग्णालय निवडण्याची. ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम अशी नावं बघून लोक घराजवळचं घेतात. त्याऐवजी आपल्या प्रकारचा तज्ज्ञ कुठे आणि कोणत्या वारी बसतो ते विचारून घ्या. तान्ह्या बाळाच्या कानासाठी बेरा (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते बघणारी) तपासणी लागते, बौद्धिक अक्षमतेसाठी चाचणी घेणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतो. ती सोय नसेल तर दुसरीकडे पाठवतात आणि तारखेचा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. जुनं प्रमाणपत्र असेल तर अर्जात तसा पर्याय आहे, तो निवडून स्कॅन जोडा. नाव, जन्मतारीख आधारशी अक्षरशः जुळली पाहिजे.

आता टक्केवारी. सूत्रं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतली आहेत आणि २०२४ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या, म्हणून तपासणीच्या दिवशी चालू तक्ता विचारून घ्या. पण आकडा कसा निघतो हे माहीत असलं की निम्मी भांडणं टळतात.

कानाचं घ्या. चांगल्या कानाचे टक्के पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाचे मिळवायचे, सहाने भागायचं. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल तर शंभर भागिले सहा, म्हणजे सतराच्या आत. योजना सुरू होतात ४० टक्क्यांपासून. अशा माणसाने प्रवासभाडं खर्चून पुन:पुन्हा चकरा मारण्यात अर्थ नाही, हे खिडकीवर कोणी सांगत नाही.

दोन व्यंगं असली तरी बेरीज होत नाही. नव्वदमधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून नव्वदने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे ४० आणि ३० चे ७० नव्हे, ५७ च्या आसपास. ‘डॉक्टरने तेरा टक्के खाल्ले’ ही तक्रार बहुतेक वेळा या सूत्राची असते, डॉक्टरची नाही.

बौद्धिक अक्षमतेचा तक्ता मात्र खरोखर खटकतो. सामाजिक परिपक्वतेच्या (वयाच्या मानाने रोजचे व्यवहार किती जमतात याच्या) चाचणीत गुणांक ५५ ते ६९ आला तर सरसकट ५० टक्के, ३६ ते ५४ आला तर सरसकट ७५, त्याखाली ९० आणि १००. गुणांक ५५ चा ५४ झाला की पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो. २०२४ च्या नियमांनी कार्डांना रंग दिले: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. म्हणजे मध्यम बौद्धिक अक्षमता असलेलं मूल, ज्याला एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही, ते ७५ वरच थांबतं आणि निळं कार्ड त्याला मिळतच नाही. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन ८० टक्क्यांवर आहे. दिव्यांग नातलगाला सांभाळणाऱ्यासाठीची आयकराची ८०-डीडीची वजावट ७५ हजारांवरून सव्वा लाखावर जाते तीही ८० लाच, आणि मिळते फक्त जुन्या करपद्धतीत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मानसिक आजाराच्या मोजणीत. तिथे आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व समज, आणि काम अशी चार अंगं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. आजार किती जुना यावर आणखी एक ते चार: दोन वर्षांच्या आत एक, दहा वर्षांच्या वर चार. एकूण वीसपैकी सात झाले की ४० टक्क्यांची रेघ ओलांडली. हिशेब करून बघा. दहा वर्षांहून जुन्या आजाराला उरलेल्या चार अंगांतून फक्त तीन गुण लागतात. वर्षभरापूर्वी आजारी पडून नोकरी गेलेल्याला सहा लागतात, आणि उपचारांचा खर्च नेमका त्याच वर्षी अंगावर आलेला असतो.

त्यात घरचेच गुण घालवतात. तपासणीला जायचं म्हणून आई मुलाची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याला आणते. ‘आंघोळ स्वतः करतो का?’ ‘हो, करतो.’ झालं, शून्य. पाणी काढून देणं, चार वेळा हाक मारणं, दाराबाहेर उभं राहणं हे सगळं त्या ‘करतो’मध्ये गडप झालं. यावर एकच उपाय चालतो: एका पानावर सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहून न्या. कोणती गोष्ट सांगितल्याशिवाय होत नाही, गोळी कोण देतं, रात्री कोण उठतं, महिन्यात किती वेळा घर सोडून गेला. त्याखाली उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची सही घ्या आणि पान केस पेपरला जोडायला सांगा. रडगाणं वाटेल म्हणून लाजू नका. मोजपट्टी हेच मोजायला बनवली आहे.

मुलांचं प्रमाणपत्र मुदतीचं असतं. बौद्धिक अक्षमतेत ५, १० आणि १८ व्या वर्षी नव्याने काढावं लागतं, अठराव्या वर्षीचं कायमचं. मुदत संपण्याआधी तीन-चार महिने अर्ज टाका. प्रमाणपत्र द्यायला नियमानेच तीन महिने दिलेले आहेत.

पैशाकडे येऊ. इथे गंमत अशी की एकच कुटुंब एका खिडकीवर गरीब असतं आणि दुसऱ्या खिडकीवर नसतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगासाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा ५० हजार, म्हणजे महिना ४,१६७ रुपये. धर्मादाय रुग्णालयात मोफत उपचारांसाठी १ लाख ८० हजार, सवलतीसाठी ३ लाख ६० हजार. केंद्राच्या साधन योजनेत व्हीलचेअर पूर्ण मोफत हवी तर महिना २२,५०० पर्यंत. रोज चारशे रुपये मिळवणारा, महिन्यात सव्वीस दिवस कामावर जाणारा बाप वर्षाला १,२४,८०० कमावतो. रुग्णालयाच्या हिशेबात तो निर्धन, निराधार योजनेच्या हिशेबात अपात्र. म्हणून लोक तलाठ्याकडे आकडा ‘बसवून’ घेतात. तसं करू नका. पडताळणीत सापडलं की अनुदानही जातं आणि पुढचा खरा दाखलाही संशयात येतो.

निराधार अनुदान दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० आहे. त्याआधी ते इतरांइतकंच, १,५०० होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ मात्र तशाच इतर योजनांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त द्या म्हणतं. वाढ झाली ते चांगलंच. अडचणी बाकी आहेत. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, बैठक लांबली की तुम्हीही लांबलात. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, तो चुकला की हप्ता बंद. आणि ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचे पैसे भलत्याच खात्यात आलेले असतात, कारण थेट हस्तांतरण आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातं. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या, संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस (आधारला कोणती बँक जोडली आहे ते) बघा, मगच तहसील कचेरी गाठा. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाला वेळेत उत्तर नाही मिळालं तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. तो अपिलाचा अर्ज नुसता टेबलावर ठेवला तरी फाइल हलते असं दिसतं.

दवाखान्याच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजनेत सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण आहे, पांढऱ्या रेशनकार्डालाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनिसाला) भरती होतानाच भेटा, कारण आधी पैसे भरून बसलात तर पुढे अवघड होतं. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी असतात. तिथे वैद्यकीय समाजसेवकाकडे दाखला पहिल्या दिवशीच द्या, डिस्चार्जच्या बिलावर नव्हे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्राच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा घ्या: एक लाखाचं संरक्षण, आधीच्या आजाराची अट नाही, ओपीडी आणि थेरपीही येते. खर्च आधी स्वतः करावा लागतो आणि ३१ मार्चला पॉलिसी संपते, हे दोन काटे आहेत.

या सगळ्यांत न बसणारं ते घरचं सांभाळणं. ब्युरोतून बारा तासांची मावशी ठेवायची तर महिन्याला वीस हजारांच्या आसपास जातात, डायपर आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट वेगळे. २,५०० रुपयांत त्यातले जेमतेम चार दिवस निघतात. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे आणि कलम ३८ खाली अशा गरजेचं वेगळं मूल्यांकन मागता येतं. टक्केवारीपेक्षा हेच खरं कामाचं मूल्यांकन, आणि याचीच माहिती सगळ्यात कमी. अर्ज लेखीच करा, कलमाचा आकडा घालून. टक्केवारी मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील आहे, मुदत निर्णयापासून नव्वद दिवस. त्याला वर सांगितलेलं दिवसाचं पान, जुने डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या जोडा. योजनांबद्दलची तक्रार चर्च पथावरच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात देता येते. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.