टाके एका जागी, बिल तीन प्लेट्सचं

गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ दुचाकीवरून घसरला. कानापुढे गालात खळगा पडला आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. सीटी स्कॅनमध्ये गालाच्या हाडाची फक्त कमान आत दबलेली निघाली.

एका खासगी रुग्णालयात आईला समोर बसवून सांगितलं, "नुसतं हाड उचललं तर पुन्हा बसेल, डोळा खाली उतरेल. विरघळणाऱ्या प्लेट्स टाकू, परत काढायलाही नकोत." डोळ्याचं नाव निघाल्यावर आई काय बोलणार? प्लेट्स आणि स्क्रूचेच ९४,००० रुपये झाले. तिने पाटल्या मोडल्या.

टाके काढायला आम्ही घराजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या मॅडमनी कानशिलावर केसांत असलेले टाके पाहिले आणि विचारलं, "बाकीचे टाके कुठे आहेत?" बाकीचे नव्हतेच.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. नुसती कमान दबली असेल तर केसांत दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद घेऊन, आतून सळईसारखं हत्यार सरकवून हाड वर उचलतात. ही पद्धत १९२७ पासूनची. उचललेली कमान बहुतेकदा जागेवर राहते, प्लेट लागत नाही. डोळ्याच्या खोबणीशी या कमानीचा संबंधच नाही. गालाचं मुख्य हाड तीन-चार ठिकाणी तुटून सरकलं, की प्लेट्स खरोखर लागतात. पण त्यासाठी भुवईपाशी, खालच्या पापणीत किंवा वरच्या ओठाच्या आत हिरडीवर छेद घ्यावा लागतो. टायटॅनियमची प्लेट साध्या एक्स-रेत लख्ख दिसते. विरघळणारी दिसत नाही. आम्हाला तीच का सुचवली, ते तेव्हा कळलं.

मी शस्त्रक्रियेची नोंद लेखी मागितली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आम्हाला नऊ दिवस फिरवलं. हातात आलं तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलेलं: हाड उचललं, स्थिर आहे, प्लेट बसवलेली नाही. प्लेटच्या पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर नोंदीत चिकटवतात, तेही कुठे नव्हतं. तुमच्याकडे प्लेट्सचं बिल आलं तर पैसे भरण्याआधी ते स्टिकर आणि ही नोंद मागा, आणि छेद कुठे कुठे घेणार ते शस्त्रक्रियेआधीच विचारा.

भावाचं तोंड आता नीट उघडतं, काम चांगलंच झालं होतं. म्हणूनच जास्त राग येतो. "तक्रार नाही" असं लिहून द्या, निम्मे पैसे परत करतो, असा निरोप आला. आईने सही केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात आमचा अर्ज दाखल आहे.