शॅमेलिऑनसाठी जाळीचा २ बाय २ बाय ४ फुटी पिंजरा: आठ महिने वापरल्यावर

आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा बारा वर्षांचा, दोन वर्षं मागे लागला होता शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, हवा म्हणून, शेवटी गेल्या वर्षी आम्ही हो म्हटलं. आमचा आहे तो वेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेन आणि सौदीच्या नैऋत्य भागातला, डोक्यावर उंच तुरा असतो तो. नाव बंड्या. इथे ब्रीडरकडे घरीच जन्मलेली पिल्लं मिळतात, घ्यायचं तर तसलंच घ्या, जंगलातून पकडून आणलेलं नको. आणि भारतातून वाचणाऱ्यांना आधीच सांगते, आपल्याकडचा शॅमेलिऑन म्हणजे घोयरा सरडा, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, तो पाळायचा नाही, दिसला तर लांबून बघायचा आणि झाडावरच राहू द्यायचा. आमच्या कोकणातल्या गावी तो दिसला की लोक विषारी समजून काठी घेऊन धावायचे, त्याला विष नसतंच, हे मी आईला व्हिडिओ कॉलवर बंड्या दाखवून दाखवून पटवलं.

पिंजऱ्याआधी आम्ही एक चूक केली ती सांगते कारण बहुतेक जण तीच करतात. एका दुकानात पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी म्हणून तयार किट मिळालं, १८ इंची काचेची पेटी, पिळाचा छोटा यूव्ही (अतिनील किरणांचा) बल्ब, रात्रीसाठी लाल बल्ब, पाण्याची वाटी आणि प्लॅस्टिकच्या वेली. पिल्लू आणायच्या आधी ब्रीडरला फोटो पाठवला तर त्याने सरळ सांगितलं, हे परत करा. तेव्हा राग आला पण त्याचं प्रत्येक म्हणणं खरं होतं. अशा बंद काचेत हवा कोंडते आणि यांना श्वासाचे आजार पटकन होतात, काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की त्यांना दुसरा नर समोर आल्यासारखं वाटतं, वाटीतलं साचलेलं पाणी ते सहसा पीतच नाहीत, आणि लाल दिव्याची तर काहीच गरज नाही, त्यांना रात्री मिट्ट काळोख आणि गारवा लागतो. पूर्ण वाढलेल्याला रात्री ६५ फॅरेनहाइटपर्यंत उतरलं तरी चालतं.

मग हा पिंजरा मागवला. चार फूट उंच, अॅल्युमिनियमची चौकट, चारी बाजूंना आणि वर जाळी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या मापाचे पिंजरे जवळपास सगळे सारखेच असतात, आम्हाला साधारण १३० डॉलरला पडला. जोडायला आम्हा दोघांना पाऊण तास लागला. जाळी बारीक आणि मऊ आहे, नखं अडकत नाहीत. समोरचं दार मोठं, खाली वेगळं छोटं दार, त्यातून मेलेले किडे आणि शी काढता येते, रोज लागणारी गोष्ट आहे ही.

खटकलं ते तळाचं. तळाला नुसता पातळ प्लॅस्टिकचा पत्रा आहे, कुंड्या ठेवल्या आणि पाणी साचलं की तो मध्ये खोलगट होतो, तिसऱ्या दिवशी आमचं कार्पेट ओलं. शेवटी नवऱ्याने तळाला ड्रिलने सात-आठ भोकं पाडली आणि पिंजरा विटांवर उचलून त्याच्याखाली वॉशिंग मशीनखाली ठेवतात तो ट्रे सरकवला, तेव्हापासून थेंब बाहेर नाही. तळाला माती, भुसा काही घालायचं नाही, नाहीतर जीभ मारताना तेही पोटात जातं. दुसरं म्हणजे जाळीला फांद्यांचं वजन टांगू नका, फाटते. आम्ही चौकटीला आडव्या लाकडी काठ्या झिप टायने बांधल्या आणि फांद्या, कुंड्या सगळं त्यांना अडकवलं.

फांद्यांवर वेळ घालवा, खरंच. अंगणातल्या ओकच्या फांद्या आणल्या, उकळतं पाणी ओतून धुतल्या, चार दिवस उन्हात वाळवल्या. काही बोटाएवढ्या, काही पेन्सिलीएवढ्या, जास्तीत जास्त आडव्या. बंड्याच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, चिमट्यासारखी, फांदीभोवती ती अर्धी-पाऊण फिरली की त्याची पकड नीट बसते, आणि मग तो शेपटी सोडून निवांत बसतो. फांदी जाड असली तर शेपटी सतत गुंडाळून धरतो, हे माझ्या मुलाने बघून शोधलं. पिंजरा टेबलावर ठेवा, म्हणजे वरची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येते, आपण वरून वाकून बघितलं की ते घाबरतात.

झाडं खरीच लावा. मनीप्लांट, अंब्रेला प्लांट आणि एक जास्वंद लावलीय. वेल्ड शॅमेलिऑन पानंही खातात म्हणून नर्सरीतली खतवाली माती काढून टाकली, पानं धुतली, साध्या मातीत लावली आणि वर मोठे गोटे ठेवले. जास्वंदीचं फूल तर तो अर्धा खाऊन टाकतो.

दिव्यावर मात्र पैसे वाचवू नका. यूव्ही देणारी टी५ हाय आउटपुटची (बारीक पण जास्त ताकदीची) लांब ट्यूब लागते, आम्ही झू मेडची रेप्टिसन ५.० लावली आणि मी खूश आहे. ती जाळीच्या वर बसते, जाळी बऱ्यापैकी यूव्ही अडवते, त्यामुळे सगळ्यात वरची फांदी ट्यूबपासून आठ-नऊ इंचांवर बांधलीय. यूव्हीबी (यूव्हीचाच एक प्रकार) नसेल तर अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम लागू पडत नाही आणि हाडं वाकतात, नुसती पावडर लावून ते भरून निघत नाही. (पावडर लावायचीच, रोजच्या किड्यांना डी३ नसलेली, महिन्यातून दोनदा डी३ वाली.) ऊन शेकत बसायच्या फांदीवर साधा बल्ब, तिथे ८५ फॅरेनहाइट, म्हणजे २९ सेल्सिअस. बल्ब जाळीवर टेकवू नका, हे जाळीला उलटे लटकतात आणि तुरा भाजला तरी वेळेत हलत नाहीत, आम्ही बल्ब चार इंच वर टांगलाय. बारा तास चालू, बारा बंद, टायमरवर.

पाण्यासाठी आधी हाताने दाबायचा फवारा वापरला, आठवड्यात कंटाळा आला, मग आपोआप फवारणारं मशीन घेतलं. दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं. दिवसा पानं सुकू द्यायची, सतत ओलं बरं नाही. दुपारी वरून ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारं भांडं. पहिल्यांदा त्याला पाणी पिताना बघितलं ते विसरणार नाही, जास्वंदीच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबत होता, एक डोळा थेंबावर, दुसरा माझ्यावर, आणि मग हळूच तोंड उघडून तो थेंब ओठाने टिपला, असे दहा-बारा मिनिटं. इथलं नळाचं पाणी जड आहे, नोझल चोंदतात, म्हणून आरओचंच भरते. हिवाळ्यात हीटरने घर कोरडं पडतं तेव्हा मागची आणि एक बाजू पारदर्शक शीटने झाकली, ओलावा टिकला.

जाळी, दिवे, मशीन, झाडं मिळून साडेचारशे डॉलर गेले, शॅमेलिऑन स्वतः ऐंशीचा. मादी घेणार असाल तर आणखी एक खर्च धरा, नर नसला तरी ती अंडी घालते, तिला ओल्या वाळूची खोल बादली आत ठेवावीच लागते, नाहीतर अंडी अडकून जीव जातो. आणि एका पिंजऱ्यात एकच, जोडी नाही.

ट्यूब चालू दिसली तरी यूव्ही वर्षभरात उतरतं, म्हणून तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवलीय, बदलायची मार्चमध्ये.