कोकणच्या पावसाळ्यात टिकलेला काश्मीरचा बर्फ : मॉडेल रेल्वेसाठी रांगोळी आणि मॅट मीडियम

मॉडेल रेल्वेवर बर्फ करायच्या ज्या कृती सगळीकडे सांगितल्या जातात, त्या बहुतेक कोरड्या हवेतल्या आहेत. वेंगुर्ल्यात, समुद्राजवळच्या कौलारू घराच्या माळ्यावर त्यांचं काय होतं ते आता खात्रीने सांगता येतं. दिवाळीनंतर केलेला बर्फ आख्खा पावसाळा काढून समोर उभा आहे.

लेआउट एचओ प्रमाणाचा, म्हणजे 1:87. प्रसंग काझीगुंडच्या बाजूचा : पीर पंजालचा 11.2 किलोमीटरचा बोगदा संपतो आणि डेमू (डिझेलवर चालणारी लोकल) गाडी खोऱ्यात बाहेर येते. नदीपात्रापासून 359 मीटर उंचीचा चिनाब पूल आपल्या कोकण रेल्वे महामंडळाने उभारून घेतला, त्यामुळे तो सगळा मार्ग मला घरचाच वाटतो. बर्फाचा एक फायदा आधीच सांगतो. ब्रॉडगेजच्या 1676 मिलिमीटरला 87 ने भागलं तर रुळांमध्ये 19.3 मिलिमीटर अंतर हवं, पण बाजारात मिळणारा ट्रॅक 16.5 चा. स्लीपर बर्फाखाली गेले की ही तफावत डोळ्यांना फारशी जाणवत नाही.

मुख्य डोंगराला हात लावण्याआधी एका फळीवर ट्रॅकचा तुकडा ठोकून तीन पट्टे केले : खाण्याचा सोडा आणि सुतारकामाचा पांढरा गोंद, परदेशी तयार बर्फाची पावडर, आणि बाजारातली पांढरी रांगोळी. तयार पावडर अर्धी गोंदावर आणि अर्धी ॲक्रिलिक मॅट मीडियमवर, म्हणजे रंगकामातल्या बिनचमकीच्या चिकट द्रवावर टाकली. रांगोळी पूर्ण मीडियमवर.

मे महिन्यापर्यंत सोड्याचा पट्टा सगळ्यांत देखणा होता, हे मान्य करायलाच हवं. कण बारीक, रंग स्वच्छ. मिरग लागला आणि चित्र पालटलं. सोड्याने ओलावा धरला, गुठळ्या झाल्या, कडेने खरखरीत स्फटिक आले. रूळ निकेल सिल्व्हरचे, त्यात तांबं असतंच. ओला सोडा टेकला तिथे हिरवट डाग पडले आणि गाडी अडखळू लागली. वर हा गोंद दमट हवेत पुन्हा मऊ होतो. बोट दाबलं तर ठसा उमटत होता.

तयार पावडरीचा रंग शेवटपर्यंत बदलला नाही, पण गोंदावरचा भाग सुटून आला आणि मीडियमवरचा घट्ट राहिला. माझ्या मते आपल्या हवेत पावडर कोणती याच्याआधी ती कशाने चिकटवली हे बघावं. मॅट मीडियम एकदा पूर्ण वाळलं की पाण्याने विरघळत नाही. गोंदाच्या मानाने महाग आहे, तरी तिथे काटकसर करू नये.

डोंगरावर शेवटी रांगोळीच टाकली. ती दगडाची भुकटी, त्यामुळे बुरशीला तिच्यात खायला काही नाही आणि ओलाव्याने विरघळतही नाही. मात्र वस्त्रगाळ करून घ्यावी लागते. एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात जवळपास नऊ सेंटिमीटरचा गोळा होतो, आणि कितीही रंगवलं तरी तो बर्फ वाटत नाही. चाळताना तोंडाला मास्क हवाच. किनाऱ्यावरची पांढरी वाळू वापरू का, असं काही जण विचारतात. अजिबात नको : तिच्यात मीठ असतं, शिवाय आपल्या वाळूतले काळे लोहयुक्त कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

प्लास्टरचा उतार पूर्ण वाळू द्यावा, त्यावर निळ्याचा अगदी थेंब घातलेला पांढरा ॲक्रिलिक रंग द्यावा. मग मीडियमचा हात मारून चहाच्या गाळणीतून रांगोळी भुरभुरवायची. वाळल्यावर पाणी घालून पातळ केलेलं मीडियम आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचा फवारा, आणि वर दुसरा पातळ थर. खरा फूटभर बर्फ इथे साडेतीन मिलिमीटर भरतो. त्याहून जाड थर दिला की डोंगर मैद्यात लोळवल्यासारखा दिसतो. पत्र्याच्या उतरत्या छपरांवर कमी आणि पागोळ्यांच्या रेषेत खाली ढीग, असा ठेवावा. काश्मीरच्या डेमूला पुढे बर्फ कापणारा कॅटल गार्ड असतो, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना बुटके बांध हवेत. रुळाच्या आतल्या कडेला चाकाच्या फ्लँजपुरती (चाकाच्या बाहेर आलेल्या कडेपुरती) खाच मोकळी सोडायची आणि रुळाचा माथा अल्कोहोलने पुसून लख्ख ठेवायचा.

रांगोळी जड, ही तिची खरी उणीव. सफेद्याच्या (काश्मीरमधल्या पॉप्लर झाडांच्या) बारीक फांद्यांवरून ती गळते. तिथे तयार पावडरच घ्या. झाडांपुरती एक छोटी डबी पुष्कळ पुरते.

पावसाळ्यात एक गोष्ट मात्र कोणत्याही पट्ट्यावर अवलंबून नव्हती. प्लास्टिकने झाकलेल्या कोपऱ्यात दमट हवा कोंडली आणि डोंगराच्या पाठीमागच्या उघड्या प्लास्टरवर काळे ठिपके आले. जुनी सुती चादर टाकलेला भाग स्वच्छ राहिला. कौलांतून पडणाऱ्या धुळीने वरचा थर थोडा करडा झाला आहे. मऊ ब्रशने झाडून, पातळ मीडियमचा फवारा मारून वर चिमूटभर रांगोळी चाळली की जोड दिसत नाही. हे काम ऑक्टोबरची उन्हं पडल्यावरच काढा, त्याआधी मीडियम नीट वाळत नाही.