स्लिप इंडिकेटरचं पाकीट घ्या, तयार लीडर दुकानातच राहू द्या

मे महिन्यात ट्राउट मासे पकडायला टंकवा लेकला (कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातलं तळं) जायच्या आधी जवळच्या कॅमलूप्समधल्या एका दुकानातून दोन वस्तू उचलल्या. एक स्लिप इंडिकेटरचं पाकीट, 3 साइजचे मिळून 6 नग, साधारण 12 डॉलर. दुसरं तयार मिळतं ते 'इंडिकेटर लीडर' (जाड फ्लाय लाइन आणि आमिष यांच्या मधली बारीक दोरी), 9 डॉलर. कंपनीचं नाव लिहीत नाही, असला माल चार नावांनी मिळतो आणि सगळा जवळपास सारखाच असतो. आता चार ट्रिपा झाल्यात त्यामुळे बोलायला हरकत नाही.

ज्यांना हे इंडिकेटर प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मालवणकडचा, लहानपणी गरवायला जायचो तेव्हा दोरीला जुन्या स्लिपरचा तुकडा बांधायचो, तो बुडाला की खेचायचं. हे तेच आहे. फ्लायवाल्यांना, म्हणजे किड्यासारखं नकली आमिष (फ्लाय) लावून मासे धरणाऱ्यांना, बॉबर (तरंगता गोळा) म्हटलेलं आवडत नाही म्हणून इंडिकेटर म्हणायचं एवढंच. बायकोने पाकीट बघून विचारलं लिमलेटच्या गोळ्या कुठून आणल्यास, आणि खरंच तशाच दिसतात.

मग साधा बॉबर का नाही चालत? तर इथल्या तळ्यांत ट्राउट वसंतात सगळ्यात जास्त काय खातो तर कायरोनोमिड, म्हणजे डासासारखा दिसणारा पण न चावणारा किडा. त्याची अळी तळाच्या चिखलात राहते, मग कोष होतो आणि तो कोष सरळ उभा, अगदी हळूहळू वर येतो. मासे तळापासून फूटभर वर तोंड उघडून उभे असतात. म्हणजे तुमची ती 14 नंबरच्या हुकवरची बारकी फ्लाय 16 फूट पाण्यात 15 फुटांवर टांगलेली पाहिजे, आणि जवळजवळ हलायला नको. आता इंडिकेटर लाइनवर पक्का बांधलात तर मासा लागल्यावर गुंडाळत आणता आणता इंडिकेटर रॉडच्या टोकाला येऊन अडकणार, रॉड 10 फुटांचा, खाली 15 फूट दोरी आणि तिच्या टोकाला मासा. जाळं पोचणार कसं? स्लिप इंडिकेटरमध्ये मधोमध भोक असतं, लाइनचा छोटा फास करून त्यात एक बारीक खुंटी दाबायची, मासा लागला आणि तुम्ही रॉड उचललात की फास ओढला जातो, खुंटी मोकळी होते आणि इंडिकेटर लाइनवरून घसरत खाली जातो. कल्पना एक नंबर आहे, ज्याने काढली त्याला सलाम.

आता आमच्या पाकिटातले नग. 6 पैकी 4 चांगले. एका छोट्याची खुंटी ढिली, दोनदा कास्ट केलं (लाइन फेकली) की आपोआप सुटायची आणि इंडिकेटर सरकून खाली, मी येड्यासारखा 10 मिनिटं बघत बसलोय की चावा का येत नाही, आणि माझी फ्लाय 2 फुटांवर लोंबकळतेय. दुसऱ्याची उलटी तऱ्हा, सुटतच नाही. नेमका त्यालाच दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा मासा लागला, चांगला दोन किलोचा तरी असेल (हो हो, निसटलेला मासा मोठाच असतो, माहितीये). इंडिकेटर टोकाला येऊन ठक्क थांबला, माझ्याबरोबर आमचा सांगलीचा मित्र होता तो म्हणाला थांब मी हाताने ओढतो, मी म्हटलं अरे नको, तोवर त्याने ओढली आणि 6 पौंडाची (तेवढ्या ताणाला तुटणारी) दोरी हातात मोकळी. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी फक्त चहापुरतं बोललो.

पण खरं सांगायचं तर त्यात निम्मी चूक माझी होती. फास मोठा केला आणि खुंटी अंगठ्याने जोर लावून दाबली तर ती रुतते. फास अगदी लहान ठेवायचा, खुंटी ओली करायची, आणि कास्ट करायच्या आधी हातानेच एकदा ओढून बघायचं की सुटते का. एवढं केल्यापासून त्रास नाही. एकच उरतं, फास जिथे दाबला जातो तिथे लाइन कुरळी होते, दिवसातून तीनचारदा खोली बदललीत तर तो सगळा भाग स्प्रिंगसारखा दिसायला लागतो, मग तेवढं बदलून टाका, तिथेच तुटतं.

साइजचं म्हणाल तर मोठे दोन नग तसेच पडून आहेत. फ्लायला आणि स्विव्हलला (दोरीत मध्ये बांधायची धातूची फिरती कडी) तोलून धरेल एवढा छोट्यात छोटा घ्यायचा हा साधा हिशोब. ट्राउट काही झटका मारून पळत नाही, तो कोष तोंडात घेतो, चघळतो, थुंकतो. मोठा गोळा ते दाखवतच नाही, छोटा मात्र नुसता कलतो किंवा हळूच अर्धा बुडतो आणि तेवढ्यातच उचलायचं. मधला साइज मला बेस्ट वाटला, जरा वारा असला तरी दिसतो. रंग पाकिटात नारिंगी, गुलाबी आणि पोपटी. दुपारी नारिंगी मस्त पण संध्याकाळी ऊन समोरून आलं, पाणी चांदीच्या ताटासारखं चमकायला लागलं की यातला एकही दिसत नाही. मी एकाला काळ्या मार्करने निम्मा रंगवला, चकाकत्या पाण्यावर काळंच उठून दिसतं. कंपनीने एक काळा टाकला असता तर काय बिघडलं असतं.

आता तो तयार लीडर. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नका. पाकिटावर स्टिलवॉटरसाठी (म्हणजे तळ्यांच्या संथ पाण्यासाठी) असं छापलंय, आत निघाला 12 फुटांचा नायलॉनचा, वर जाड आणि खाली निमुळता होत गेलेला. कोरडी (वर तरंगणारी) फ्लाय अलगद पाण्यावर टाकायची तर निमुळता लीडर हवाच, पण इथे सगळं उलटं आहे. 16 फूट पाण्यात 12 फुटांचा लीडर कुठे पुरणार, इंडिकेटर तर लीडरवरच बसला पाहिजे, मुख्य फ्लाय लाइन त्या भोकातून जात नाही. म्हणजे खाली अजून 5-6 फूट जोडा. तेही केलं, तरी इंडिकेटरखालचा जाड नायलॉन लवकर बुडतच नाही, मध्येच बाक येतो, फ्लाय सरळ खाली न लटकता तिरकी राहते आणि तुम्हाला वाटतं मी 15 फुटांवर आहे, असता 12 वर. नायलॉनची घनता 1.14 च्या आसपास, म्हणजे पाण्याहून थोडीशीच जास्त, फ्लोरोकार्बनची 1.78, फरक तिथेच पडतो.

मी आता जे करतो ते सांगतो. फ्लाय लाइनच्या टोकाला 3 फुटांचा जाडसर तुकडा, मग सरळ 6 पौंडाचं फ्लोरोकार्बन, एकाच जाडीचं, 13-14 फूट, त्याच्या खाली काळा बारीक बॅरल स्विव्हल, आणि स्विव्हलखाली 2 फूट टिपेट (फ्लाय बांधायची शेवटची बारीक दोरी). फ्लायला आवळणारी गाठ न मारता लूप नॉट, म्हणजे लाटेबरोबर ती थोडी डुलते. स्विव्हलचे फायदे तीन, दोरीला पीळ बसत नाही, वजनाने लवकर बुडतं, आणि मासा लागल्यावर घसरत आलेला इंडिकेटर तिथेच अडतो, माशाच्या नाकावर जाऊन आपटत नाही. अशा तीन तयार लीडरच्या पैशांत साध्या फ्लोरोकार्बनचं मोठं रीळ येतं आणि माझा त्यात अख्खा सीझन निघतो.

खोली मोजायला फिश फाइंडरवर भरवसा ठेवू नका, तो बोटीखालचं सांगतो, तुम्ही टाकता 30 फूट लांब. सोपा मार्ग, फ्लायला फोर्सेप्स (हूक काढायचा चिमटा) चिमटवायचा, बोटीच्या कडेने तळाला टेकेपर्यंत सोडायचा, दोरी ताठ केली की इंडिकेटर पाण्याच्या पातळीच्या फूटभर खाली लावायचा. फोर्सेप्स काढून टाकला की फ्लाय तळापासून बरोबर फूटभर वर. (फोर्सेप्स नीट लॉक करा. आमचा एक टंकवाच्या तळाशी आहे.) आणि बोट पुढून मागून दोन्हीकडे नांगरा, एकाच नांगरावर ती वाऱ्याने लंबकासारखी फिरते, इंडिकेटर ओढला जातो आणि एवढा मोजून मापून लावलेला सगळा हिशोब पाण्यात.

कास्टिंगबद्दल एकच, एवढ्या लांब लीडरवर मध्ये गोळा असताना हवेत चारपाच वेळा फिरवायची हौस केलीत तर घरट्यासारखा गुंता होतो, मी दोन केलेत, एक तर कापूनच टाकला. एकदाच मागे, सावकाश, मोठ्या वळणाने, आणि सोडून द्या, 30 फूट पुष्कळ झाले.

तर इंडिकेटरच्या पाकिटाला 5 पैकी साडेतीन, एक काळा नग असता आणि खुंट्या सारख्या असत्या तर साडेचार दिले असते. लीडरला 1, तोही वरचा 3 फुटांचा जाड तुकडा कापून मी वर सांगितलेल्या रिगला वापरला म्हणून. कुणाला नुसत्या मधल्या साइजचं सुटं पाकीट व्हँकुव्हरकडे कुठे मिळालं तर सांगा, त्यासाठी परत कोकिहाला हायवेने चार तास गाडी हाणायची तयारी नाही. आणि त्या दोन मोठ्यांपैकी एक हवा असेल तर घेऊन जा, दुसरा मुलाने बाथटबमध्ये नेलाय, तो आता परत मिळेलसं वाटत नाही.