दंडावर बांधायचे डिजिटल रक्तदाब यंत्र : सहा महिन्यांच्या वापरानंतर

हे यंत्र घ्यायला आम्हांला नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून आईला त्यांच्याकडे नेले होते. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून पडदा तपासल्यावर तिथल्या धमन्या बारीक झालेल्या, त्या नीलांना ओलांडतात तिथे नीला दबलेल्या आणि एके ठिकाणी ज्योतीच्या आकाराचा लहानसा रक्तस्राव झालेला त्यांना दिसला. रक्तवाहिन्या कापाकापीशिवाय थेट दिसतात त्या डोळ्याच्या पडद्यावर, आणि तिथे अशा वाढलेल्या रक्तदाबाच्या खुणा असतील तर मेंदू, हृदय व मूत्रपिंडांनाही धोका असतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. आईचे ना कधी डोके दुखले, ना तिला चक्कर आली. दाब इतका वाढलेला असूनही आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

यंत्रावरचे अंक इतके ठळक आहेत की आई ते चष्म्याशिवाय वाचते, आणि मागच्या नोंदी तारखेसह साठत असल्यामुळे औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांना त्यांचा उपयोग झाला. तक्रार आहे ती पट्ट्याची. सोबत येणारा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे आणि आईच्या दंडाचा घेर 35 आहे. आखूड पट्ट्याने दाब आहे त्याहून जास्त दिसतो, हे कळेपर्यंत पहिला आठवडा आम्ही विनाकारण धास्तावलेलो होतो. मोठा पट्टा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागला. ही माहिती खोक्यावर ठळक छापायलाच हवी होती. तरीही मनगटाच्या यंत्रापेक्षा मी हेच घेईन, कारण मनगट हृदयाच्या पातळीला नसले की तिथला आकडा चुकतो. ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

सकाळी गोळी घेण्यापूर्वी, अर्धा तास आधीपासून चहा न घेता, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसल्यावर आई मिनिटाच्या अंतराने दोनदा दाब मोजते, संध्याकाळीही तसेच. दवाखान्यात 140/90 ही मर्यादा धरतात, तर घरच्या नोंदींची सरासरी 135/85 झाली तरी दाब वाढलेला मानतात. तिची सरासरी आता त्याखाली आहे. गेल्या महिन्यात पडदा पुन्हा तपासला, तेव्हा रक्तस्राव विरलेला होता. धमन्या मात्र अजून बारीकच आहेत.