बायमॅटोप्रॉस्ट ०.०३ टक्के: आठ महिने पापण्यांना लावल्यावर

पापण्या लांब-दाट करणाऱ्या या ड्रॉपची आठवी बाटली काल कचऱ्यात गेली. आत निम्म्याहून जास्त औषध शिल्लक, आणि खोक्यावरची एक्स्पायरी अजून लांब. पण ड्रॉपची बाटली एकदा उघडली की महिनाभरात संपवायची, नाहीतर फेकायची. हे लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं.

रात्री एकदा, फक्त वरच्या पापणीच्या मुळांशी, खाली अजिबात नाही, एवढं ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषध काम करतं. तक्रार आहे ती थेंबाबद्दल.

हे मुळात काचबिंदूचं औषध. डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते रोज घालणाऱ्यांच्या पापण्या लांब आणि दाट व्हायला लागल्या, त्यावरून अमेरिकेत डिसेंबर २००८ मध्ये 'लॅटिस' या नावाने त्याला पापण्यांसाठी मान्यता मिळाली. तिथल्या खोक्यात एकेकदा वापरून टाकायचे निर्जंतुक ब्रश येतात. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून हातात पडते ती बहुतेकदा काचबिंदूचीच ३ मिलिलिटरची बाटली. तिचं तोंड डोळ्यात थेंब पाडायला बनवलेलं. तो थेंब साधारण ३० मायक्रोलिटरचा, आणि पापणीच्या कडेला एक ओलसर रेघ ओढायला एवढं पाणी लागतच नाही. जास्तीचं औषध कोपऱ्यातून गालावर उतरतं किंवा डोळ्यात जातं.

आता हिशेब. ३ मिलिलिटर म्हणजे अंदाजे १०० थेंब. डोळ्याला एक धरला तर महिन्याला ६० लागले, ४० वाया. हे खुपलं म्हणून तिसऱ्या महिन्यापासून एका थेंबात दोन्ही डोळे सुरू केले. वाटलं, बाटली दुप्पट पुरेल. कुठली पुरतेय! महिना भरला की ३० वापरलेले आणि ७० फेकायचे. दोन महिने ताणायचा मोह होतो, कारण आत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह असतंच. पण रोज उघडणारं तोंड एकदा जरी पापणीला किंवा बोटाला टेकलं, तर त्या प्रिझर्व्हेटिव्हवर किती भरवसा ठेवायचा? डोळा आला तर त्याचा खर्च बाटलीच्या कितीतरी पट.

तरीही एका थेंबाची पद्धत सोडली नाही, ती त्वचेसाठी. दोन थेंबांच्या काळात वरच्या पापणीवर आणि बाहेरच्या कोपऱ्याशी तपकिरी छटा चढली होती. औषध जिथे जिथे रेंगाळतं तिथे त्वचेत मेलॅनिन वाढतं, आणि गालाच्या वरच्या भागावर बारीक लवही उगवू शकते. गव्हाळ रंगावर ही छटा थेट काळ्या वर्तुळांसारखी दिसते. थेंब निम्मा केल्यावर ती पुढे सरकली नाही, हळूहळू फिकी झाली. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत या काटकसरीला चिकूपणा म्हटलं होतं, ते मागे घेते.

पद्धत अशी. आधी काजळ पूर्ण निघालं पाहिजे. खोबरेल तेलाने काजळ काढलंत तर पुन्हा फेसवॉशने धुवा, तेलाच्या थरावर औषध टिकत नाही. पापण्या कोरड्या होऊ द्या. लायनरचे डिस्पोजेबल ब्रश घ्या, रात्रीला दोन. बाटली आडव्या धरलेल्या एका ब्रशच्या वर नेऊन, तोंड न टेकवता, एक थेंब सोडा. डोळ्याला लावायच्या आधीच दुसरा ब्रश पहिल्याला टेकवून ओलावा वाटून घ्या. एका डोळ्याला लागलेला ब्रश दुसऱ्याला लावायचा नाही. नाकाकडून बाहेरच्या बाजूला, लायनर ओढतो त्या रेषेवर एकच हात फिरवा. लगेच टिश्यूच्या टोकाने कोपरा टिपा. खालच्या पापण्यांना डोळा मिटताना जे लागतं तेवढं बस. कापसाचा बोळा नको, तो सगळं पिऊन टाकतो. तोच ब्रश धुऊन परत वापरायचा विचार पावसाळ्यात तर करूच नका, मुळाशी ओल राहते आणि बुरशी धरते.

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा आणि १५ मिनिटांनीच परत घाला, कारण ते प्रिझर्व्हेटिव्ह मऊ लेन्स शोषून घेते. एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही.

फरक कधी दिसतो? पहिला महिना निव्वळ संयमाचा. खाज आणि सकाळची लाली एवढंच पदरात पडतं, आणि बरेच जण नेमके तिथेच सोडतात. आठव्या आठवड्याच्या आसपास लांबी जाणवते, दाटपणा आणि काळेपणा त्यानंतर. पूर्ण परिणामाला १६ आठवडे. मान्यतेसाठी झालेल्या २७८ जणांच्या चाचणीतही कालावधी तेवढाच होता आणि लांबी सरासरी २५ टक्के वाढली होती. केसाचा वाढीचा टप्पा लांबतो आणि एकाच वेळी जास्त केस त्या टप्प्यात येतात, म्हणून घाई करून उपयोग नाही. चष्मा असेल तर एक गंमत: केस काचेला घासायला लागतात आणि काच दिवसातून दहादा पुसावी लागते. एखादा केस वाकडा, आत वळलेला निघतो. तो उपटू नका, डॉक्टरांना दाखवा.

मेडिकलमध्ये खोकं नीट वाचा. ०.०१ टक्केवालीही मिळते, ती पापण्यांसाठीची नव्हे, आणि काचबिंदूच्या मूळ ब्रँडच्या ('ल्युमिगन') त्या बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह चौपट असतं. त्याहून वाईट म्हणजे टिमोलॉल हे काचबिंदूचंच दुसरं औषध मिसळलेली बाटली. नाव जवळपास तेच, मागे एखादं अक्षर किंवा 'प्लस' जोडलेलं. टिमोलॉल डोळ्यावाटे रक्तात जातं, दमा किंवा मंद नाडी असलेल्यांना ते महागात पडू शकतं. काउंटरवर "तेच आहे हो, घ्या" असं कोणी म्हणालं तरी परत करा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आधी एकदा जाणं टाळू नका. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहतो. आपल्या तपकिरी डोळ्यांत ते फारसं कळत नाही, हलक्या रंगाच्या डोळ्यांत कळतं. दीर्घ वापराने पापणीमागची चरबी आक्रसून डोळे खोल दिसू शकतात, म्हणून सुरुवातीचा एक फोटो त्याच खिडकीच्या उजेडात काढून ठेवा. डोळ्याला सूज किंवा संसर्ग असेल, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. काचबिंदूचे ड्रॉप आधीच चालू असतील तरीही. दाब मोजायच्या वेळीही हे औषध लावत असल्याचं सांगावं लागतं, नाहीतर आकडा कमी येतो आणि सगळ्यांची दिशाभूल होते.

थांबवलं तर केस झडत नाहीत, पण काही आठवड्यांत ते हळूहळू मूळ लांबीवर परततात. सध्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून तीन रात्री चालू आहे आणि दाटपणा टिकलाय. म्हणजे महिन्याला जेमतेम १३ थेंब. ८७ फेकायचे. १ मिलिलिटरची बाटली कोणीतरी काढा रे. तोवर नव्या बाटलीवर मार्करने उघडल्याची तारीख लिहून ती फ्रिजच्या दारात ठेवलीय. मे महिन्यात खोलीतल्या कपाटात ती २५ अंशांखाली राहत नाही.