नागपूरच्या बर्डीवरचा इंग्लिश स्पीकिंग क्लास आणि एका 'क्वाइट'ची भानगड

तीन स्टार देऊन राहिलो, दोन कुठं कापले ते सांगतो.

एक कापला एसीपायी. एसी फक्त बोर्डावर आहे, मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरसमोरच्या खुर्चीसाठी पोट्टे अर्धा तास आधी येऊन बसतात. पार्किंगचं तर बोलूच नका.

मी गेलो होतो एका शब्दापायी. मिहानमधल्या कंपनीत नोकरी, लंडनच्या क्लायंटनं माझ्या रिपोर्टला 'क्वाइट गुड' म्हटलं, मी खुशीत अख्ख्या टीमला तर्री पोहा खाऊ घातला, अन् मग टीम लीड मॅडम म्हणतात, अरे बाबा, इंग्रज क्वाइट गुड म्हणतो म्हणजे 'ठीक आहे, चालेल', अमेरिकन असता तर पोहे वसूल होते.

दुसरा स्टार सकाळच्या सरांच्या झेरॉक्स नोट्सनं खाल्ला. क्वाइट म्हणजे 'बऱ्यापैकी', क्वाएट म्हणजे शांत, स्पेलिंग पाठ करा, संपलं. मी विचारलं, सर मग 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे बऱ्यापैकी अशक्य का? तर म्हणे पुढच्या चॅप्टरमधे येईल. नाही आलं न!

बॅच बदलली. संध्याकाळच्या मॅडम भल्ल्या भारी शिकवतात. त्यांचं म्हणणं, जी गोष्ट कमीजास्त होते, गुड, हॉट, स्पायसी, तिथं ब्रिटिश क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. जी एकतर असते नाहीतर नसते, इम्पॉसिबल, राइट, तिथं तोच क्वाइट म्हणजे पार, अगदी. अन् त्यातही बोलताना जोर क्वाइटवर पडला की तारीफ पातळ होते, गुडवर पडला तर जरा घट्ट. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नाही बाप्पा, बरेच! मग एकानं उदाहरण दिलं, सावजी रस्सा इज क्वाइट स्पायसी, अख्खा वर्ग हसला, सावजीला क्वाइट म्हणणं म्हणजे अपमानच, तिथं 'भल्ला तिखट'च पाह्यजे. (व्हेरी हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'खरं' अर्थाच्या शब्दापासून आला हेही तिथंच कळलं, म्हणजे आपलं 'खरंच' अन् त्यांचं व्हेरी चुलतभाऊच म्हणा न.)

मागच्या आठवड्यात क्लायंटचा मेल आला, 'नॉट क्वाइट देअर येट'. यावेळी पोहे नाही आणले, रिपोर्ट परत उघडला.

जायचं असेल तर संध्याकाळचीच बॅच घ्या, अन् कूलरसाठी साडेपाचलाच पोहोचा.